सोसायटीच्या गच्चीवरून एमएमआरच्या हवेच्या कामात कसं शिरायचं

दर हिवाळ्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सात वाजता तोच फोटो येतो, समोरचा टॉवर अर्धा गायब, आणि त्याखाली वीस-पंचवीस जणांचे हात जोडलेले इमोजी. मग कोणीतरी विचारतं, "अरे यावर काही करता येतं का, कुठे नाव द्यायचं असतं का?" आणि मग गुड मॉर्निंगवाले मेसेज सुरू होतात आणि प्रश्न वर सरकून जातो. या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझी दीडेक वर्षं गेली, बराचसा वेळ चुकीच्या खिडकीपुढे उभं राहण्यात, तर जे नव्याने येतायत त्यांचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहितोय.

आधी वाईट बातमी. नाव द्यायची एकच अशी जागा नाहीये. दिल्ली आणि आजूबाजूच्या राज्यांसाठी २०२१ च्या कायद्याने एक वेगळा हवा आयोग आहे. कॅनडातल्या अल्बर्टात तर भागाभागाच्या एअरशेड संस्था आहेत, तिथे कंपन्या, सरकार आणि साधे रहिवासी एका टेबलावर बसतात आणि एकमताने ठरवतात. आपल्याकडे मुंबई महानगर प्रदेश म्हणजे एमएमआर, सुमारे ६,३०० चौरस किलोमीटर, त्यात मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी, मीरा-भाईंदर, वसई-विरार, पनवेल अशा नऊ महापालिका, शिवाय नगरपरिषदा, एमआयडीसी, बंदरं, रेल्वे, आणि या सगळ्यांवरून वाहणारी हवा मात्र एकच. एअरशेड म्हणजे तेवढंच, जेवढ्या भागातली हवा एकमेकांत मिसळते तेवढा भाग. दुपारी समुद्रावरून वारा आत येतो तेव्हा मुंबईचं ठाण्याकडे जातं, रात्री उशिरा जमिनीवरून वारा फिरला की तिकडचं इकडे. त्यामुळे "सामील होणं" म्हणजे आपल्याकडे एक फॉर्म भरणं नाही, चार-पाच दारं आहेत, त्यातून थोडं थोडं आत जायचं आणि ती दारं एकमेकांना जोडायची.

पहिलं: माणसं जमवा, पण कमी

वीस जणांची कमिटी करू नका. तीन-चार पुरे. एक जण फोटो काढणारा, एक जण मराठीत नीट अर्ज लिहिणारा, आणि एक जण असा की जो मंगळवारी दुपारी तीन वाजता ऑफिसात जाऊन बसू शकतो. हा तिसरा माणूस म्हणजे सोनं, आमच्याकडे एक निवृत्त काका आहेत, तेहतीस वर्षं सरकारी नोकरी झालेली, त्यांना कुठल्या टेबलावरून कागद कुठे जातो हे वासावरून कळतं. आम्ही तरुण मंडळी मेल पाठवून बसलो होतो आणि काकांनी आवक-जावक विभागात अर्ज देऊन शिक्का मारलेली पोच आणली, आणि काम तिथून हललं.

मग सोसायटीच्या मॅनेजिंग कमिटीत एक साधा ठराव करून घ्या की हवेच्या विषयात पत्रव्यवहार करायला अमुक तिघांना अधिकार दिलाय. लेटरहेडवरचा अर्ज आणि एकट्या माणसाचा अर्ज यात फार फरक पडतो, बरोबर आहे का ते सोडा, पण पडतो. मुंबईत असाल तर एएलएम बघा, म्हणजे गल्ली-परिसरातल्या रहिवाशांचा गट जो वॉर्ड ऑफिसात नोंदवलेला असतो. नव्वदच्या दशकात कचऱ्यासाठी ही पद्धत सुरू झाली. तुमच्या भागातला एएलएम झोपलेला असेल तर नवीन काढण्यापेक्षा जुन्याला उठवा, त्याची वॉर्डातली ओळख तयार असते.

दुसरं: आकडा वाचायला शिका, नाहीतर पहिल्याच मीटिंगमध्ये पडाल

मी पडलोय म्हणून सांगतो. मी फोनवरच्या एका परदेशी ॲपवरचा १५४ हा एक्यूआय, म्हणजे हवा किती वाईट ते सांगणारा आकडा, घेऊन गेलो, समोरच्या साहेबांनी त्यांच्या स्क्रीनवर १०० दाखवला आणि म्हणाले, हवा तर समाधानकारक आहे. दोघंही खरं बोलत होतो! पीएम २.५ म्हणजे फुफ्फुसात खोल जाणारी बारीक धूळ, ती चोवीस तासांत सरासरी दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम असेल तर आपल्या भारतीय एक्यूआयमध्ये ते बरोबर १०० येतं, समाधानकारकच्या शेवटच्या टोकावर. तीच हवा अमेरिकन मोजपट्टीवर दीडशेच्या पुढे जाते. म्हणून एक्यूआय बोलूच नका, थेट पीएम २.५ आणि पीएम १० (त्याहून जाड कणही धरून मोजलेली धूळ) किती मायक्रोग्रॅम ते बोला. आपलं चोवीस तासांचं मानक पीएम २.५ साठी ६० आणि पीएम १० साठी १००, वर्षाच्या सरासरीचं ४० आणि ६०. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासून पीएम २.५ चं वर्षाचं फक्त ५ आहे, पण ते मीटिंगमध्ये पहिल्यांदा काढू नका, समोरचा लगेच "हे आपल्याकडे शक्य नाही" मोडमध्ये जातो आणि मग तुमच्या गल्लीतल्या डंपरचा विषय राहूनच जातो.

अजून एक, एक्यूआय हा सगळ्या प्रदूषकांची सरासरी नसतो, जो सगळ्यात वाईट त्याचाच आकडा लागतो. आणि तो बहुतेक चोवीस तासांच्या सरासरीवर असतो, त्यामुळे सकाळी सहाला शेजारी कचरा जाळला तर तो सात वाजताच्या आकड्यात जेमतेम दिसेल. नाकाला कळतं, आकड्याला उशिरा कळतं.

आकडे कुठे बघायचे? केंद्रीय प्रदूषण मंडळाचं समीर ॲप, आपल्या राज्याच्या प्रदूषण मंडळाची म्हणजे एमपीसीबीची साइट, आणि पुण्याच्या आयआयटीएमचं सफर. तुमच्या सगळ्यात जवळचं स्टेशन कुठलं ते शोधून ठेवा आणि प्रत्यक्ष जाऊन बघून या. बागेत आहे का, हायवेला आहे का, कुठल्या इमारतीच्या गच्चीवर आहे, यावर आकडा कसा वाचायचा ते ठरतं.

सेन्सरच्या मोहात लगेच पडू नका

सगळ्यांना पहिल्या दिवशी मशीन घ्यायचं असतं. आम्हीही घेतलं. बाल्कनीत लावलं आणि गणपतीच्या दिवसात एका संध्याकाळी आकडा असा उडाला की ग्रुपवर हाहाकार, कोणीतरी चॅनलला फोन करायला निघालं होतं. नंतर कळलं खालच्या मजल्यावर आरती, धूप, कापूर आणि वीस माणसं. ती हवा खरीच तशी होती हो, पण गल्लीची नव्हती.

हे स्वस्त सेन्सर लेझरच्या उजेडात कण मोजतात, आणि दमट हवेत पाण्याने फुगलेला कणही मोठा कण म्हणून मोजला जातो, म्हणजे आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्यांच्यावर विसंबणं अवघड. लावायचंच असेल तर किचनची खिडकी, एसीचं आउटडोअर युनिट, जनरेटर यांच्यापासून लांब, सावलीत, वारा खेळता राहील असं लावा. आणि आधी आठ-दहा दिवस सरकारी स्टेशनच्या शेजारी ठेवता आलं तर ठेवा, दोघांचे आकडे एका कागदावर मांडा. तुमचं ३० टक्के जास्त दाखवत असेल तर ते स्वतःच सांगून टाका, समोरचे त्यावरून तुम्हाला उडवण्याआधी. कोर्टात-ऑफिसात याला पुरावा म्हणून वजन नाही, पण "रोज रात्री दोन ते चार इथे काय चालतं?" हा प्रश्न उभा करायला तो मस्त उपयोगी पडतो.

तिसरं: धुळीची वही

खरं काम हे आहे आणि हे फुकट आहे. एक वही नाहीतर शेअर केलेली शीट. तारीख, वेळ, जागा, काय दिसलं, वारा कुठून होता, फोटो नंबर. वारा कळायला यंत्र नको, गच्चीवर बांधलेली एक चिंधी बास. दोन महिने नेमाने लिहा. आम्ही लिहिलं तेव्हा आम्हाला वाटत होतं की सगळा दोष समोरच्या बांधकामाचा, वहीत मात्र दिसलं की सगळ्यात वाईट तास पहाटेचे होते आणि ते आरएमसीचे, म्हणजे तयार काँक्रीटचे, ट्रक धुवायच्या-भरायच्या वेळेशी जुळत होते, शिवाय नाक्यावर थंडीत वॉचमन लोक जे काही मिळेल ते पेटवतात, प्लॅस्टिकसकट. त्यातल्या वॉचमनचा प्रश्न आम्ही सोसायट्यांनी मिळून दोन जुने हीटर आणि ब्लँकेट देऊन सोडवला. अर्ज नाही, मीटिंग नाही. सगळ्या गोष्टींना सरकार लागत नाही, आणि गरिबाच्या शेकोटीची तक्रार करून सुरुवात केलीत तर वस्तीतलं कोणीही पुढे तुमच्याबरोबर येणार नाही हे लक्षात ठेवा.

चौथं: प्लॅन वाचा, कारण मागणी प्लॅनच्या भाषेत लागते

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम, ज्याला सगळे एनकॅप म्हणतात, जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. २०१७ च्या तुलनेत धूलिकण २० ते ३० टक्के कमी करायचे असं आधी होतं, नंतर ते २०२५-२६ पर्यंत ४० टक्के केलं. देशातली १३१ शहरं त्यात घेतली गेली, महाराष्ट्रातली १९, आणि त्यात आपल्या बाजूची मुंबई, ठाणे, नवी मुंबई, वसई-विरार, उल्हासनगर, बदलापूर. प्रत्येक शहराचा कृती आराखडा असतो आणि प्राण नावाच्या केंद्राच्या पोर्टलवर या कार्यक्रमाची शहरवार माहिती बघता येते. मुंबई महापालिकेचा स्वतःचा प्रदूषण नियंत्रण आराखडा २०२३ चा आहे, आणि त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला बांधकामांसाठी नियमावली निघाली: एक एकरापेक्षा मोठ्या प्लॉटला ३५ फूट उंच पत्रे, लहानाला २५ फूट, इमारतीला हिरवं कापड किंवा ओलं गोणपाट, पाण्याचे फवारे, बाहेर पडणाऱ्या गाडीची चाकं धुणं, झाकलेले ट्रक, साइटवर सेन्सर. आठवडाभरात, ३१ ऑक्टोबरला, मुंबई हायकोर्टाने स्वतःहून हवेची केस दाखल करून घेतली, आणि त्याच प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं.

आता फरक बघा. "आमच्याकडे फार धूळ आहे, कृपया लक्ष द्यावे" या अर्जावर कोणालाच काही करता येत नाही. त्याऐवजी असं लिहा:

"आमच्या इमारतीच्या पूर्वेस चालू असलेल्या बांधकामाच्या फाटकावर चाके धुण्याची व्यवस्था नाही. दि. ३ ते १७ या काळात ११ वेळा मातीने भरलेले ट्रक न झाकता बाहेर पडले, फोटो व वेळा सोबत जोडल्या आहेत. २५ ऑक्टोबर २०२३ च्या नियमावलीनुसार पाहणी करून पाहणी अहवालाची प्रत द्यावी."

शेवटचं वाक्य विसरू नका. "कारवाई करा" म्हटलं की "कारवाई केली" असं उत्तर येतं. अहवालाची प्रत मागितली की कोणालातरी जाऊन बघावंच लागतं. (मुंबईबाहेर असाल तर तुमच्या महापालिकेची नियमावली कुठली लागू आहे ते आधी विचारून घ्या, दुसऱ्या पालिकेचा नियम आपल्या पालिकेला दाखवलात की चहा मिळतो, काम होत नाही.)

पाचवं: कुठलं दार कशासाठी

कचरा जाळणं, रस्त्यावरची धूळ, झाडलोट: पालिकेचा घनकचरा विभाग. मुंबईत १९१६ वर फोन करून तक्रार नंबर घ्या, नंबर नसेल तर तक्रार झालीच नाही असं समजा. बांधकाम: वॉर्डातला इमारत व कारखाने विभाग. कारखाना, आरएमसी प्लांट, बॉयलर, चिमणी: एमपीसीबी, आणि तिथे थेट मुख्यालयात जाऊ नका, तुमच्या भागाचे उप-प्रादेशिक अधिकारी गाठा, त्यांच्या हाताखाली क्षेत्र अधिकारी असतात जे प्रत्यक्ष फिरतात. जाण्याआधी त्या प्लांटचं संमतीपत्र मिळवा, सगळे कन्सेंटच म्हणतात. १९८१ च्या हवा कायद्याखाली ते लागतं आणि कुठलं इंधन, चिमणी किती उंच, धूळ अडवायला काय बसवायचं अशा अटी त्यात लिहिलेल्या असतात. मंडळाच्या साइटवर शोधा, नाही मिळालं तर आरटीआय, दहा रुपये आणि तीस दिवस, राज्याचं ऑनलाइन पोर्टलही आहे. कन्सेंट हातात आलं की तुमची तक्रार "त्रास होतो" वरून "अट क्रमांक अमुक पाळली जात नाही" वर जाते आणि मग संभाषणाचा सूरच बदलतो.

काहीच हललं नाही तर लोकशाही दिन, महिन्याचा पहिला सोमवार, जिल्हाधिकारी आणि महापालिका दोन्हीकडे असतो, पण आधी विहित नमुन्यात अर्ज द्यावा लागतो, त्या दिवशी उठून गेलात तर परत पाठवतील.

सहावं, आणि माझ्या मते मुख्य: हद्दीपलीकडचा शेजारी शोधा

आम्ही दोन महापालिकांच्या सीमेवर राहतो, कुठल्या ते मुद्दाम सांगत नाही. प्लांट नाल्याच्या पलीकडे, धूळ अलीकडे. आमच्या पालिकेने सांगितलं आमच्या हद्दीत नाही. पलीकडच्या पालिकेने सांगितलं तुम्ही आमचे नागरिक नाही. दोघांचंही कागदावर बरोबर. पाच महिने आम्ही नाल्याच्या दोन काठांवर टोलवले जात होतो.

मग काकांना सुचलं की पलीकडे पण माणसंच राहतात की. एका रविवारी आम्ही चालत पूल ओलांडून तिकडच्या दोन सोसायट्यांत आणि चाळीत गेलो, तर त्यांच्याकडे वही नव्हती पण तक्रारींची चळत होती, आणि गंमत म्हणजे त्यांचा समज असा की धूळ आमच्या बाजूच्या टॉवरच्या कामाची आहे. आमची वही आणि त्यांच्या तक्रारी वाऱ्याच्या दिशेसकट एकत्र मांडल्या तेव्हा दोघांचंही थोडं थोडं खरं निघालं, दुपारी आमची धूळ त्यांच्याकडे, पहाटे त्यांची आमच्याकडे. एकच अर्ज केला, दोन्ही बाजूंच्या लेटरहेडवर, तीन ठिकाणी दिला, दोन्ही पालिका आणि एमपीसीबी, आणि मागणी एकच ठेवली, तिघांची संयुक्त पाहणी, आमच्या समोर. संयुक्त पाहणी हा शब्द सरकारी भाषेत आधीच आहे, नवीन काही मागितलेलं नाही, त्यामुळे नाही म्हणणं अवघड जातं. दोन महिन्यांनी झाली. प्लांटच्या भोवती पत्रे उंच झाले, फवारे लागले, आमच्याकडच्या साइटलाही चाकं धुवायची जागा करावी लागली. सगळं सुटलं असं नाही, पण आता दोन्ही बाजूंचा एक ग्रुप आहे आणि त्यातून पुढची मंडळी जोडली जातायत, खाडीपलीकडचे, हायवेवरचे. माझ्यासाठी एमएमआरची भागीदारी म्हणजे सध्या तरी हीच आहे.

इथे एक सावधगिरी. एकत्र गट झाला की लगेच कोणीतरी नेता व्हायला येतं, निवडणूक जवळ असेल तर नक्कीच. नगरसेवकांना बोलवा, सगळ्या पक्षांच्या, पण वही त्यांच्या हातात देऊ नका.

सातवं: जनसुनावणी, जिथे सामान्य माणसाला बोलायचा हक्कच असतो

हे फार कमी लोकांना माहीत आहे. मोठा उद्योग किंवा प्रकल्प येणार असेल आणि त्याला २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागत असेल तर बऱ्याच प्रकल्पांना जनसुनावणी घ्यावी लागते. नोटीस किमान तीस दिवस आधी, एका स्थानिक भाषेतल्या पेपरात पण येते, म्हणून तो छोट्या अक्षरांचा भाग वाचायची जबाबदारी एकाला द्या. प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, पालिका अशा ठिकाणी बघायला ठेवलेला असतो. सुनावणीला जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेले वरिष्ठ अधिकारी अध्यक्ष असतात आणि एमपीसीबी ती भरवते. टॉवर आणि गृहसंकुलांना मात्र ही सुनावणी नसते, तिथे जाऊन विचारू नका.

बोलायला तीन मिनिटं मिळतील असं धरून चाला. भाषण नको. एक प्रश्न लेखी द्या, तोच वाचा, आणि इतिवृत्तात आला का ते शेवटी ऐका, कारण ते तिथेच स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं. आणि प्रश्न असा विचारा की ज्याचं उत्तर अहवालात असायलाच हवं, उदाहरणार्थ आत्ताची हवा कुठल्या महिन्यात मोजली? पावसाळ्याच्या तोंडाशी मोजलेली हवा छानच दिसते.

केव्हा सुरू करायचं

सगळे नोव्हेंबरात जागे होतात, तेव्हा थंडीत हवेचा थर खाली बसलेला असतो, वारा पडलेला असतो आणि ऑफिसात तुमच्यासारखे दोनशे अर्ज. जून-जुलैत सुरू करा, जेव्हा आकाश स्वच्छ आहे आणि कोणाला घाई नाही. ठराव, कन्सेंटच्या प्रती, आरटीआय, पलीकडच्या सोसायटीशी ओळख, हे सगळं पावसात उरकतं. गणपतीनंतर वही सुरू करा, दसऱ्याच्या आसपास अर्ज द्या.

आणि जाताना प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स, एक त्यांची, एक पोच घ्यायची, आणि एक त्या साहेबांसाठी ज्यांच्या टेबलावरून पहिली हरवणार आहे.